मॉरिशस : १२ मार्च १९६८ मोठा, की ८ नोव्हेंबर १९६५?

दर्यासारंग

मॉरिशसच्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण कोणता असं विचारलं, तर बहुतेकजण १२ मार्च १९६८ सांगतील. त्या दिवशी दुपारी बारा वाजता राजधानी पोर्ट लुईच्या शाँ द मार्स मैदानावर युनियन जॅक उतरला आणि लाल, निळा, पिवळा, हिरवा असा चार पट्ट्यांचा झेंडा चढला. दांडी यात्रेची तारीख म्हणून हा दिवस मुद्दाम निवडला, असंही तिथे सांगतात. माझं मत वेगळं आहे आणि त्यासाठीच हा धागा काढतोय. त्या देशाच्या वाट्याला नेमकं काय येणार, हे त्याआधी अडीच वर्षं लंडनमध्ये ठरून गेलं होतं.

सप्टेंबर १९६५मध्ये लँकेस्टर हाउसला मॉरिशसची घटना परिषद भरली. स्वातंत्र्य घ्यायचं की ब्रिटनशी जोडलेलंच राहायचं, यावर तिथले पक्ष भांडत होते. त्याच दिवसांत बाजूला एक दुसरी बोलणी चालली होती, चागोस द्वीपसमूहाबद्दल. मॉरिशसपासून ईशान्येला दोन हजार किलोमीटरहून लांब असलेली ही बेटं कारभारासाठी मॉरिशसला जोडलेली होती. अमेरिकेला हिंदी महासागरात लष्करी तळ हवा होता. त्यांना चागोसमधलं दिएगो गार्सिया बेट पसंत पडलं होतं, आणि तेही माणसांशिवाय.

२३ सप्टेंबरला ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी मॉरिशसचे प्रमुख नेते शिवसागर रामगुलाम यांना बोलावून घेतलं. या भेटीआधी विल्सनना त्यांच्या सचिवाने दिलेलं टिपण पुढे उघड झालं. त्याचा मथितार्थ असा : रामगुलामांना आशा दाखवून घाबरवायचं. स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोसच्या बाबतीत समजूतदारपणा दाखवला नाही तर ते हातचं जाईल ही भीती. त्याच दिवशी मॉरिशसकडून तत्त्वतः होकार मिळवला गेला. मोबदला ३० लाख पौंड. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी चागोस मॉरिशसपासून तोडून 'ब्रिटिश हिंदी महासागरी प्रदेश' नावाची नवीकोरी वसाहत तयार झाली. सगळं जग वसाहती सोडत होतं, तेव्हा ही जन्माला आली. १६ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव २०६६ करून मॉरिशसचे तुकडे करू नका असं बजावलं, पण तोवर कागद झाले होते.

अमेरिकेने ब्रिटनला यासाठी थेट भाडं दिलं नाही. पाणबुडीवरून सोडायच्या पोलारिस क्षेपणास्त्रांच्या खरेदीत १ कोटी ४० लाख डॉलरची सूट दिली आणि ती गुप्त ठेवली.

ज्यांची घरं जाणार होती त्या चागोसच्या माणसांना लंडनमध्ये कुणी बोलावलंच नव्हतं. म्हणून मला ८ नोव्हेंबर मोठा वाटतो. तुमचं मत लिहा. मॉरिशसचा इतिहास माहीत असणाऱ्यांनी तर नक्कीच.

वेंगुर्ल्याचा_वारा

दर्यासारंग, चांगला विषय काढलात. पण एवढ्या अलीकडे का थांबायचं? माझ्या लेखी मॉरिशसचा क्षण २ नोव्हेंबर १८३४. कोलकात्याहून आलेल्या 'अॅटलस' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले तो दिवस. तीन महिन्यांनी, १ फेब्रुवारी १८३५ला, बेटावरची गुलामी कायद्याने संपली. मळेवाल्यांना गुलामांची भरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून जास्त रक्कम मिळाली. गुलामांना दमडी मिळाली नाही, उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी चार वर्षं त्याच मालकांकडे राबावं लागलं. उसाला हात हवे होते, ते हिंदुस्थानातून आणले. १८३४पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं गेली. देशाची लोकसंख्याच बदलून गेली. याहून मोठा क्षण कुठला?

आणि यात आपली माणसंही आहेत हे विसरू नका. रत्नागिरी, सावंतवाडीकडची कुटुंबं मुंबई बंदरातून गेली. करार पाच वर्षांचा, पगार महिन्याला पाच रुपये. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचे, त्याला तिथे 'डबल कट' म्हणत.

काळाघोडा

वाचतोय. दर्यासारंग, तुमच्या लेखात रामगुलामांवर अन्याय होतोय असं वाटतं. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग काय होता? परिषदेत गाएताँ दुव्हाल यांचा पक्ष स्वातंत्र्याच्या विरोधात होता. सार्वमत घ्या म्हणत होता. ब्रिटनने सार्वमत मान्य केलं असतं तर निकाल कुठे गेला असता सांगता येत नाही. ऑगस्ट १९६७च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवाल्यांना ६२पैकी ३९ जागा मिळाल्या खऱ्या, पण मतं विरोधकांनाही ४४ टक्क्यांच्या आसपास पडली. एवढ्या दुभंगलेल्या बेटाला घेऊन तो माणूस उभा होता. जानेवारी १९६८मध्ये पोर्ट लुईत क्रिओल (मुख्यतः आफ्रिकी वंशाचे लोक) आणि मुसलमान वस्त्यांमध्ये दंगल पेटली, ब्रिटिश फौज बाहेरून आणावी लागली, आणि स्वातंत्र्यसोहळ्याला यायची होती त्या राजकन्या अलेक्झांड्रा यांचा दौरा रद्द झाला. अशा वेळी दोन हजार किलोमीटरवरच्या बेटांसाठी स्वातंत्र्य पणाला लावायचं का?

दर्यासारंग

काळाघोडा, रामगुलामांना मी दोष देत नाही. दोष त्या टेबलाचा आहे. एका बाजूला साम्राज्य, दुसऱ्या बाजूला अजून त्याच साम्राज्याची प्रजा असलेला नेता. हेच हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ला म्हटलं : वसाहतीच्या अमलाखाली असताना दिलेला होकार हा जनतेच्या मोकळ्या आणि खऱ्या इच्छेचा मानता येत नाही. चागोस तोडणं बेकायदा, मॉरिशसचं वसाहतीतून मुक्त होणं अजून पुरं झालेलं नाही, आणि ब्रिटनने तिथला कारभार लवकरात लवकर संपवावा. १३ विरुद्ध १. विरोधातलं एकमेव मत अमेरिकन न्यायाधीशांचं.

त्या सुनावणीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सप्टेंबर २०१८मध्ये हेगला मॉरिशसची बाजू मांडायला अनिरुद्ध जगन्नाथ स्वतः उभे राहिले. तोवर पंतप्रधानपद आणि राष्ट्राध्यक्षपद दोन्ही भूषवून झालेले. १९६५च्या परिषदेला तरुण प्रतिनिधी म्हणून ते हजर होते, आणि त्या प्रतिनिधींपैकी ते एकटेच हयात उरले होते. ५३ वर्षांनी त्यांनी न्यायाधीशांपुढे सांगितलं की आम्हाला निवड करण्याची मोकळीक नव्हती.

थर्मामीटर

दोन्ही तारखांचा मान राखून एक वेगळं साल सुचवते : १८६७. मलेरियाची साथ. १८६६पासून दोन-तीन वर्षांत हजारो माणसं गेली, पोर्ट लुईत तर प्रेतं पुरायला माणसं पुरेनात. ज्यांना परवडलं ते शहर सोडून वरच्या पठारावर, क्युरपीप आणि प्लेन विलेम्सकडे राहायला गेले. आज तिथे जो वस्तीचा पट्टा दिसतो तो त्या तापाने घडवला. आणि नंतर १९५०च्या आसपास डीडीटी फवारून मलेरिया आटोक्यात आणला, तेव्हा मृत्यूदर एवढा झपाट्याने खाली आला की लोकसंख्या उसळली. 'हे बेट आता माणसांच्या भाराने बुडणार' अशी भीती साठच्या दशकात पसरली ती त्यातूनच. झेंड्यांचे दिवस लक्षात राहतात. ज्या दिवशी मुलं मरायची थांबली तो दिवस कुणाच्या कॅलेंडरवर नसतो. आरोग्यखात्यात नोकरी केलेली असल्यामुळे मला हे जास्त टोचतं.

हिशेबनीस

थर्मामीटर ताई, अगदी बरोबर मुद्दा. त्या भीतीला पुढे अर्थशास्त्राचा शिक्काही मिळाला. जेम्स मीड, ज्यांना नंतर १९७७मध्ये नोबेल मिळालं, त्यांनी १९६१मध्ये लिहून ठेवलं होतं की मॉरिशसच्या शांततामय विकासाची चिन्हं चांगली नाहीत. त्या काळी निर्यातीत नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या साखरेचा होता. एखादं चक्रीवादळ वर्षाचं पीक घेऊन जायचं. १९६०च्या फेब्रुवारीत 'कॅरोल'ने तेच केलं. नोकऱ्या नाहीत, जातीजमातींत संशय, आणि जमीन वाढण्याची सोय नाही.

म्हणून माझा क्षण १९७०. त्या वर्षी निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा, म्हणजे फक्त निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा, कायदा झाला आणि कापड कारखाने आले. साखर कामगारांच्या घरातल्या बायका पहिल्यांदा मोठ्या संख्येने पगारावर गेल्या. १९७५च्या लोमे कराराने युरोपात साखरेला हमीभाव दिला, त्यातला नफा कारखान्यांत लागला. ऐंशीच्या दशकाअखेर बेकारी जवळपास संपली होती. मीड चुकले. पण त्यांनी मोजलेले धोके खरे होते, आणि बेटाने ते ओळखून पावलं टाकली, हे मला फार आदराचं वाटतं.

रोझहिलहून

नमस्कार. मी नोकरीनिमित्त इथेच, मॉरिशसमध्ये राहते. धागा वाचून राहवलं नाही.

वेंगुर्ल्याचा_वारा, तुम्ही म्हणता ती आपली माणसं पश्चिमेकडच्या कास्कावेल गावात, वाक्वाच्या आसपास, हेन्रिएटाला अजून आहेत. घरात बोलणं क्रिओल या इथल्या बोलीभाषेत, मुलं शाळेत मराठी विषय घेतात, आणि गणपतीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. झाकरी म्हणजे आपली कोकणातली जाखडी, मृदंगावर, गोल धरून. गाण्यातले काही शब्द आज रत्नागिरीतसुद्धा ऐकू येणार नाहीत, आणि गाणारी मुलं मात्र ते ठसक्यात म्हणतात.

मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांची कागदपत्रं जपून ठेवली आहेत. मोठाल्या वह्या. प्रत्येक माणसाला एक क्रमांक, पुढे नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, आणि अंगावरची खूण. १८६०नंतरच्या काहींचे फोटोही आहेत. इथली कुटुंबं आपलं मूळ गाव शोधायला येतात तेव्हा आधी तो क्रमांक विचारला जातो. क्लार्कने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, त्यामुळे गावांची नावं ओळखू येत नाहीत. मी एकदा एका शेजारणीसोबत गेले होते. त्यांच्या पणजोबांच्या नोंदीत डाव्या भुवईवर व्रण असं लिहिलेलं होतं. गावाचं नाव मात्र आम्हा दोघींना शेवटपर्यंत लागलं नाही.

पण तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर १९४८. इथे शाळकरी मुलांनाही ते माहीत असतं, भारतात मात्र कुणी बोलत नाही. त्याआधी मतदार होते जेमतेम बाराएक हजार, मालमत्ता असलेले. १९४७च्या घटनेने नवा नियम आणला : बेटावर चालणाऱ्या भाषांपैकी एखादी साधीशी लिहिता-वाचता आली की मत. मग बासदेव बिसुनदयाल यांच्या जन आंदोलनाचे स्वयंसेवक गावोगावच्या 'बैठकां'मध्ये, म्हणजे लोकांच्या एकत्र जमण्याच्या जागी, बसले आणि दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसांना कंदिलाच्या उजेडात सही करायला शिकवू लागले. मतदार झाले सत्तर हजारांच्या वर. ऑगस्ट १९४८च्या निवडणुकीत १९पैकी ११ जागांवर भारतीय वंशाचे उमेदवार निवडून आले. मळेवाल्यांच्या दीडशे वर्षांच्या मक्तेदारीला त्या सह्यांनी तडा दिला. १९६८ तिथूनच सुरू होतं.

वेंगुर्ल्याचा_वारा

काय सुंदर लिहिलंय तुम्ही. भुवईवरचा व्रण डोक्यातून जात नाहीये.

सह्यांचा विषय निघालाच आहे तर १८७१ही घ्या. १८६७च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला पास खिशात ठेवणं सक्तीचं केलं. पास नसला की 'भटक्या' म्हणून कैद. आद्रियँ द'एपिने वगैरे मळेवाल्यांची नावं रस्त्यांना आणि पुतळ्यांना आहेत, पण आडोल्फ द प्लेविट्झ या युरोपियन मळेवाल्याने १८७१मध्ये मजुरांच्या बाजूने अर्ज लिहिला आणि त्यावर ९,४०१ जणांनी नावं घातली. द प्लेविट्झना गोऱ्यांनी भर रस्त्यात मारहाण केली. पण तपासासाठी १८७२मध्ये शाही आयोग आला, आणि त्याच्या अहवालाने मळ्यांवरचा सगळा कारभार उघडा पाडला.

काळाघोडा

रोझहिलहून, १९४८ मान्य. पण त्याच्या पाच वर्षं आधीचं बेल व्ह्यू हारेल विसरून चालणार नाही. २७ सप्टेंबर १९४३ला तिथे संपकरी ऊस कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. मेलेल्यांत अंजलाय कुपन ही गरोदर बाई होती. आज तिथल्या राष्ट्रीय स्टेडियमला तिचं नाव आहे. सह्या शिकवणाऱ्यांना माणसं का मिळाली, त्याच्या मागे हा गोळीबार आहे.

मिनीकॉय

सगळे मॉरिशसवर. मालदीवचा ३ नोव्हेंबर १९८८ कुणाला आठवत नाही? माले शहर ताब्यात घेतलेल्या भाडोत्री बंडखोरांना भारतीय फौजेने काही तासांत पळवून लावलं. बेटांच्या देशांत एका रात्रीत राज्य जाऊ शकतं हे तेव्हा जगाला कळलं.

दर्यासारंग

मिनीकॉय, मोठीच घटना, पण तिला स्वतंत्र धागा हवा. तुम्हीच काढा ना. इथे एवढंच नोंदवतो की चागोसच्या प्रश्नात मालदीवही आहे. २२ मे २०१९ला आमसभेत ब्रिटनने सहा महिन्यांत चागोस सोडावं असा ठराव ११६ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिलं. विरोधातल्या सहांत मालदीव होता, कारण त्यांचा आणि चागोसचा सागरी हद्दीचा वाद होता.

रोझहिलहून, तुमचा १९४८चा मुद्दा वाचल्यावर मला माझंच म्हणणं जास्त नीट मांडता येतंय. १९४८ला ज्यांच्याबद्दल निर्णय व्हायचे ते पहिल्यांदा स्वतः दारातून आत आले. १९६५ला त्याच देशातली दीड-दोन हजार माणसं दाराबाहेर राहिली. ही माणसं म्हणजे आफ्रिका आणि मादागास्करहून नारळाच्या मळ्यांसाठी आणलेल्या गुलामांचे आणि काही हिंदी मजुरांचे वंशज. पिढ्यानपिढ्या तिथेच जन्मलेली. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी कागदावर त्यांना 'कंत्राटी मजूर' ठरवलं, कारण कायमची वस्ती आहे म्हटलं असतं तर संयुक्त राष्ट्रांपुढे उत्तर द्यावं लागलं असतं.

हुसकावण्याची पद्धत बघा. आधी, औषधपाण्यासाठी किंवा नातेवाइकांकडे मॉरिशसला आलेल्यांना परतीचं जहाज नाकारलं. मग बेटांवर येणारा किराणा कमी केला. १९७१मध्ये दिएगो गार्सिया रिकामं करताना पाळलेली कुत्री गोळा करून कोंडली आणि गाड्यांच्या धुराने मारली. माणसांच्या डोळ्यांदेखत. १९७३पर्यंत पेरोस बान्योस हे शेवटचं बेटही ओस पडलं. लिझबी एलिझे या बाई त्या वर्षी 'नॉर्डव्हेअर' जहाजावर होत्या, तेव्हा विशीत, चार महिन्यांच्या गरोदर. मॉरिशसला उतरल्यावर मूल राहिलं नाही. हेगच्या न्यायालयात त्यांची साक्ष क्रिओलमधल्या चित्रफितीवर दाखवली, कारण त्यांना लिहिता-वाचता येत नाही. नेमका १९४८चा तो नियम आठवा आता.

हिशेबनीस

त्यांना भरपाई काय मिळाली?

दर्यासारंग

मॉरिशसला आलेल्यांना आधी वर्षानुवर्षं काहीच पोचलं नाही. पोर्ट लुईच्या कासी, रोश ब्वा अशा वस्त्यांत पत्र्याच्या खोल्यांत राहिले. खोबरं काढण्याचं कसब होतं, त्याला तिथे काम नव्हतं. १९८२ला ब्रिटनने ४० लाख पौंड दिले, त्याबरोबर पुढचे दावे सोडून द्या असे कागद सह्या-अंगठ्यांसाठी पुढे केले. २०००मध्ये चागोसवासीयांचे नेते ऑलिव्हिए बँकू यांनी लंडनच्या उच्च न्यायालयात खटला जिंकला, सरकारने २००४मध्ये राणीच्या विशेषाधिकारातून हुकूम काढून तो निष्फळ केला, आणि २००८ला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे, ३ विरुद्ध २ मतांनी चागोसवासी हरले. एका मताने!

रोझहिलहून

फेब्रुवारी २०२२मध्ये मॉरिशस सरकारने जहाज नेऊन पेरोस बान्योसवर झेंडा लावला, तेव्हा सोबत काही चागोसवासीही होते. इथे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पडक्या चर्चची साफसफाई करत होत्या बायका.

पण चागोसबद्दल ब्रिटन आणि मॉरिशसमध्ये झालेल्या २२ मे २०२५च्या कराराबद्दल इथे आनंद आणि राग दोन्ही आहे. सह्या करणारे पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम, म्हणजे १९६५ला विल्सनपुढे बसलेल्या रामगुलामांचे चिरंजीव. मॉरिशसचा हक्क मान्य, दिएगो गार्सिया मात्र ९९ वर्षं ब्रिटनकडे, आणि त्यासाठी ब्रिटनने मॉरिशसला वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड द्यायचे. सह्यांच्या दिवशी सकाळी दोन चागोसवासी बायकांनी लंडनच्या न्यायालयातून तात्पुरती मनाई आणली होती. म्हणणं एकच : आम्हाला कुणी विचारलंच नाही. दुपारी मनाई उठली आणि सह्या झाल्या.

थर्मामीटर

म्हणजे साठ वर्षांनी पुन्हा तेच. मग दर्यासारंग यांची तारीख मला पटते. पण एक विचारते, आता तरी त्यांना परत जाता येईल का?

दर्यासारंग

करारात पेरोस बान्योस, सालोमन वगैरे बाहेरच्या बेटांवर मॉरिशसला वस्ती वसवता येईल असं आहे, आणि चागोसवासीयांसाठी ब्रिटनने ४ कोटी पौंडांचा निधी देण्याचंही. दिएगो गार्सियावर वस्ती नाही. पण ज्यांना परत जायचंय त्यांतल्या बऱ्याच जणांचं घर दिएगो गार्सियालाच होतं, ते सर्वांत मोठं बेट. त्यांच्या आईवडिलांची थडगी तिथे जुन्या वस्तीत आहेत. शिवाय २००२च्या कायद्याने ब्रिटिश नागरिकत्व मिळालेली बरीच कुटुंबं आता लंडनजवळ क्रॉलीत राहतात, त्यांची मुलं तिथेच वाढली, आणि त्यांच्यातल्या अनेकांना मॉरिशसचा हक्क ब्रिटनच्या हक्काइतकाच परका वाटतो. तेव्हा कुणी परतायचं, कुठे, आणि कुणाच्या परवानगीने, हे त्यांना समोर बसवून विचारल्याशिवाय माझ्यासाठी ही तारीख संपत नाही.